नागपूरहून कोकण किनाऱ्याच्या किल्ल्यांकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की नागपुरातल्या ओळखीच्या आणि बिनओळखीच्या लोकांचे निरोप यायला लागतात: "दादा, यंदा कोकणात किल्ले पाहायचे आहेत, कसं करू?" गेली बारा वर्षं मी जवळपास दर हिवाळ्यात हा किनारा फिरतो आहे, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तर एका ठिकाणी असेल तर दुसरीकडे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोकणात पहिल्यांदाच जातोय. सुरुवात कुठून करायची?

या किनाऱ्याला नागपूरकरासाठी दोन दारं आहेत. उत्तरेचं दार अलिबाग, तिथे मुंबईवरून उतरायचं. दक्षिणेचं दार मालवण, तिथे कोल्हापूरवरून घाट उतरून किंवा गोव्याकडून यायचं. पहिली खेप असेल तर मी अलिबाग सांगतो. तिथून मुरूडपर्यंतच्या जेमतेम पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात आंग्र्यांचा कुलाबा, पोर्तुगीजांचा रेवदंडा आणि कोर्लई, सिद्दीचा जंजिरा आणि त्याच्यासमोर शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग असं सगळं येतं. चार सत्तांचा समुद्रावरचा झगडा दोन-तीन दिवसांत डोळ्यांनी पाहता येतो.

२. सागरी महामार्ग म्हणजे मुंबई–गोवा हायवेच ना?

नाही, आणि हा घोटाळा फार जणांचा होतो. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग पेण, महाड, चिपळूण, कणकवली असा आतून जातो. त्यावरून समुद्र दिसत नाही. सागरी मार्ग रायगड जिल्ह्यातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत किनारा धरून जातो. तो सलग, रुंद रस्ता नाही. कुठे गावातून जाणारी एकपदरी गल्ली, कुठे खाडी आडवी आली की फेरीबोट, कुठे नवा पूल. मोठ्या खाड्यांवर पूल बांधून तो सलग करण्याचं काम चालू आहे. नकाशात ऐंशी किलोमीटर दिसले तरी तीन तास धरा. पण श्रीवर्धन ते दिवेआगर हा शेखाडीवरून जाणारा तुकडा आणि गणपतीपुळे ते रत्नागिरी हा आरे-वारेचा तुकडा एकदा पाहिला की आतल्या हायवेवरून जायचं मन होत नाही.

३. रेल्वेनं जावं, गाडीनं जावं की विमानानं?

उत्तरेच्या दारासाठी मी रेल्वेच सांगतो. विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतोनं संध्याकाळी नागपूर सोडायचं, सकाळी मुंबई सीएसएमटीला उतरायचं. तिथून टॅक्सीनं भाऊचा धक्का जवळच आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, तिच्यात गाडीही चढते. मांडव्यावरून अलिबागला अर्ध्या-पाऊण तासात पोचता. दुपारच्या जेवणाला तुम्ही समुद्राकाठी असता.

स्वतःच्या गाडीनं निघालात तर समृद्धी महामार्ग आहे. शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर. शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून सलग जाता येतं. पण सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो. दर दोन तासांनी थांबा, निघण्याआधी टायर आणि त्यातली हवा तपासून घ्या, आणि त्याच दिवशी अलिबाग गाठायचा हट्ट धरू नका. दुचाकीला समृद्धीवर बंदी आहे.

दक्षिणेच्या दारासाठी महाराष्ट्र एक्सप्रेसनं कोल्हापूर, तिथून गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडीमार्गे विजयदुर्ग किंवा मालवण. प्रवास लांब आहे. नागपूर–मडगाव विशेष गाडी चालू असते तेव्हा ती थेट रत्नागिरी, कणकवली, कुडाळला सोडते, पण ती ठरावीक वारांनाच धावते आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते. तिकीट काढण्याआधी रेल्वेच्या वेळापत्रकात पाहून घ्या. विमानानं गोव्याला उतरलात तर वेंगुर्ला-मालवण जवळ पडतं, मात्र उत्तरेकडचा किनारा हातातून जातो.

४. भरती-ओहोटी खरंच एवढी महत्त्वाची आहे का? आपण तर किल्ला पाहायला जातोय, पोहायला नाही.

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आपण विदर्भातली माणसं. रामटेक, गाविलगड, नरनाळा पाहिलेले. आपल्याला किल्ला म्हणजे टेकडी ठाऊक. दम असला की चढायचं. किनाऱ्यावरच्या किल्ल्याला वेळ आपण देत नाही, पाणी देतं. माझ्या पहिल्या खेपेला आम्ही घरचे सहा जण भर दुपारी बारा वाजता अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो. कुलाबा समोर दिसत होता, तटावरचं गवतही दिसत होतं, आणि मधे छातीभर पाणी. बाबांना गुडघ्यांमुळे होडीत चढणं जमत नव्हतं. संध्याकाळची गाडी काढलेली. आम्ही वाळूत बसून किल्ला पाहिला आणि परत फिरलो. बाबांना तो किल्ला आतून पाहायला पुढे तीन वर्षं लागली. त्यानंतर मी भरतीचं गणित शिकलो.

समुद्राला चोवीस तास पन्नास मिनिटांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. म्हणून वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असतो, तो भांग.

किनाऱ्यावरची जुनी माणसं वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे सव्वानऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला हिशोब सहा येतो, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. हा अंदाज मुंबई-अलिबागच्या पट्ट्याला चांगला लागू पडतो, पण अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. नक्की वेळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारूनच घ्यायची.

यातून नागपुरात बसून ठरवता येण्यासारखी गोष्ट अशी: कुलाबा चालत पाहायचा असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी निवडा. उधाणाचा जोर अजून असतो, त्यामुळे पाणी खूप मागे जातं, आणि ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वानऊच्या दरम्यान मिळते. तिकिटं काढायच्या आधी घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका पाहा. सुट्टी कोणत्या वारी आहे हे सगळेच पाहतात, तिथीही पाहा.

५. कोणत्या किल्ल्याला होडी लागते आणि कुठे चालत जाता येतं?

अलिबागचा कुलाबा ओहोटीला चालत, एरवी होडीनं. जंजिऱ्याला राजपुरीच्या धक्क्यावरून होडी; शिडाच्या होडीतून गेलात तर इंजिनाचा आवाज नसतो आणि किल्ला हळूहळू मोठा होत जातो, ते पाहण्यासारखं आहे. सुवर्णदुर्गाला हर्णैहून होडी. सिंधुदुर्गाला मालवणच्या धक्क्यावरून. खांदेरीला थळहून, आणि पद्मदुर्गाला मुरूडच्या कोळी बांधवांशी आधी बोलून ठरवावी लागते. तिथे रोजची रांगेतली होडी नाही.

कोर्लई, रेवदंडा, हर्णैचे किनाऱ्यावरचे छोटे किल्ले, अंजनवेलचा गोपाळगड, जयगड, रत्नागिरीचा रत्नदुर्ग आणि विजयदुर्ग जमिनीवरून गाठता येतात. विजयदुर्गाला तिन्ही बाजूंनी पाणी आहे, पण दारापर्यंत रस्ता जातो.

६. किती दिवस लागतील? आठ दिवसांत अलिबाग ते वेंगुर्ला होईल का?

होईल. पण नका करू. रोज दीडशे किलोमीटर गाडी चालवून संध्याकाळी फक्त खोली शोधायची, असं होतं. आणि आठ दिवसांत ओहोटीची वेळ सहा-साडेसहा तासांनी सरकते, त्यामुळे सगळ्या किल्ल्यांना सोयीची वेळ मिळत नाही. किनाऱ्याचे दोन भाग करा. एका हिवाळ्यात अलिबाग ते हर्णै, पाच दिवस. दुसऱ्या हिवाळ्यात रत्नागिरी ते मालवण, पाच-सहा दिवस. नागपूरहून जाण्या-येण्याचे दोन-तीन दिवस वेगळे.

७. खाड्या ओलांडायच्या फेरीबोटी कुठे आहेत? गाडी चढते का?

चारचाकी चढते, छोटी बसही चढते. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना मुरूडजवळ आगरदांडा–दिघी, हरिहरेश्वरजवळ सावित्रीच्या मुखाशी बागमांडला–वेशवी, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ–जयगड. जयगडच्या पुढे बहुतेक खाड्यांवर पूल आहेत. स्थानिक लोकांना "जंगलजेटी कुठे आहे" असं विचारलंत की पटकन सांगतात.

शेवटची बोट कितीची, हे सकाळीच विचारून ठेवा. दाभोळची शेवटची बोट चुकली तर चिपळूणवरून वळसा पडतो आणि संध्याकाळ त्यात जाते. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत धक्क्यावर गाड्यांची रांग लागते. त्या दिवसांत दुपारनंतर एकाहून जास्त खाड्या ओलांडायचा बेत ठेवू नका.

८. पावसाळ्यात गेलं तर? कोकण पावसातच सुंदर दिसतं म्हणतात.

दिसतं. पण जलदुर्ग बंद असतात. मेअखेर समुद्र खवळायला लागतो आणि जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्गाच्या होड्या थांबतात, त्या पाऊस ओसरल्यावर सुरू होतात. जून-जुलैत मासेमारीलाही बंदी असते. ज्या समुद्रात कोळी जात नाही तिथे आपण जायचं नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. एप्रिल-मेमध्ये हापूस मिळतो, पण आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांची सवय आहे म्हणून कोकणातले तेहेतीस अंश हलके समजू नका. हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही. नागपूरचा माणूस तिथे लवकर थकतो, हे मी दर उन्हाळ्यात पाहिलं आहे. कोणत्याही महिन्यात होडीचा किल्ला सकाळी करा. दुपारनंतर वारा सुटतो आणि लाटा वाढतात.

९. अलिबाग-मुरूड पट्ट्यात नेमकं काय पाहायचं?

कुलाब्याचं बांधकाम महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे सरखेल कान्होजी आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं. तटाजवळ गेलात की दगडांच्या सांध्यात बोट घालून पाहा. चुना नाही. मोठे चिरे नुसते एकावर एक रचले आहेत; लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच विरतो. आत सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे, आणि चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. कान्होजींची समाधी अलिबाग गावात आहे. ती लोक सोडून देतात, तुम्ही सोडू नका.

पुढे चौल-रेवदंडा. चौल हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नोंदींतही येणारं बंदर. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इथे उतरला होता; त्याचा स्मृतिस्तंभ रेवदंड्यात आहे. पोर्तुगीज तटबंदीच्या आत आज नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. पडक्या चर्चच्या कमानीखालून सायकलवर शहाळी घेऊन जाणारा माणूस भेटतो.

पूल ओलांडला की कोर्लई. किल्ला पाहाच, पण गावातही दहा मिनिटं थांबा. इथल्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही घराघरात बोलतात. पोर्तुगीज सत्ता इथून जाऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली, बोली राहिली.

मुरूडला जंजिरा झाल्यावर राजपुरीजवळचे खोकरीचे घुमट, म्हणजे सिद्दी सरदारांच्या कबरी पाहा. तिथे सहसा कुणी नसतं. वेळ असेल तर तळा गावाच्या रस्त्यावर मांदाडजवळची कुडा लेणी.

१०. जंजिरा कुणालाच का जिंकता आला नाही?

होडी राजपुरीहून निघाली की किल्ल्याचं दार शोधा. अगदी जवळ जाईपर्यंत ते सापडत नाही, दोन बुरुजांच्या आड दडलेलं आहे. तट थेट पाण्यातून उठतो. शिडी लावायला पायाखाली वाळू नाही. एकोणीस बुरूज, त्यांवर तोफा, आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. म्हणजे वेढा घालून तहानेनंही मारता येत नाही. शिवाय सिद्दी एकटा नव्हता. आधी विजापूर आणि नंतर मोगल त्याच्या पाठीशी होते.

महाराजांच्या काळात लाय पाटील या कोळ्यानं रात्री तटाला शिड्या लावून दिल्या होत्या, पण मागची कुमक वेळेवर पोचली नाही. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला. मोगल स्वारीमुळे तो मोर्चा अर्धवट सोडावा लागला. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं.

पद्मदुर्ग हे महाराजांचं त्याला उत्तर होतं. तिथल्या तटाचा एक भाग मी तासभर पाहत बसलो होतो. साडेतीनशे वर्षांच्या लाटांनी दगड झिजून आत गेले आहेत आणि त्यांच्यामधला चुना बोटभर बाहेर उभा आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. ज्यांनी तो चुना मळला त्यांचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.

११. जागतिक वारसा यादीत कोणते आले? जंजिरा आहे का?

नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यांतले किनाऱ्याचे चार: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. यादीत नाही म्हणून कुलाबा किंवा पद्मदुर्ग वगळणं मात्र चुकीचं होईल.

१२. दापोलीला दोन दिवस आहोत. सुवर्णदुर्गाशिवाय काय?

पन्हाळेकाजी. कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत. बौद्धांनी सुरू केलेली, पुढे शैव आणि नाथपंथीयांनी वापरलेली. समुद्राकडची गर्दी तिकडे वळत नाही. नदीचं पाणी, झाडांची सावली आणि एकाच रांगेत हजारेक वर्षांच्या श्रद्धांची अदलाबदल. मला विचाराल तर हर्णैच्या किनाऱ्यावरची एक संध्याकाळ कमी करा आणि ही सकाळ वाढवा.

१३. रत्नागिरीत थिबा राजवाडा सोडून पाहण्यासारखं काय? आणि ही कातळशिल्पं काय भानगड आहे?

राजवाडा पाहाच. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इथे आणून ठेवलं. वाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. गच्चीतून खाडी आणि समुद्र दिसतो, आणि परदेशी माणूस वर्षानुवर्षं हेच पाहत असेल हे जाणवतं. गावात लोकमान्यांचं जन्मस्थान आहे, आणि भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं, १९३१ पासून सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर.

कातळशिल्पं म्हणजे जांभ्या दगडाच्या सड्यांवर, उघड्या माळावर कोरलेली चित्रं. हत्ती, वाघ, मासे, माणसं, आणि अजून उलगडा न झालेल्या भौमितिक आकृती. रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागांत ती पसरली आहेत, आणि २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीचा हत्ती पाहा. तो इतका मोठा आहे की पायाजवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेषा दिसतात. कडेनं चालत गेलं की सोंड लागते, मग पाठ. आणि मग लक्षात येतं की त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत.

सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या प्रकाशात कोरीव रेषेत सावली भरते. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. चित्रावर पाय देऊ नका. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडू-रांगोळी भरू नका. गावातल्या माणसाला सोबत घ्या, वाटही सापडते आणि त्याला चार पैसेही मिळतात.

१४. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला हे खरं का?

हा प्रश्न शिक्षक मंडळींकडून फार येतो. प्रचलित गोष्ट अशी की, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला. गोष्टीत दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आहेत. १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून निरीक्षण केलं. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटात ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गावर ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे "साहेबाचे ओटे" त्या मुक्कामाची खूण आहेत.

म्हणजे हेलियम शोधणारा माणूस या किल्ल्यावर दुर्बिणी लावून उभा होता, एवढं खरं आहे, आणि ते पुरेसं मोठं आहे. मुलांना तसंच सांगा.

१५. मग विजयदुर्ग इंग्रजांनी जिंकला की पेशव्यांनी? गाईड वेगवेगळं सांगतात.

दोघांनी मिळून, आणि हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं. शिलाहारांच्या काळापासूनचा हा किल्ला आंग्र्यांच्या हाती अभेद्य होता. तुळाजी आंग्रे आणि पेशव्यांचं बिनसलं. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य, असा विजयदुर्गाला वेढा पडला. बंदरात उभं असलेलं तुळाजींचं आरमार एका दुपारी जळालं. ज्या इंग्रजांना सोबत घेऊन आपण आपलीच गलबतं जाळली, तेच इंग्रज एकसष्ट वर्षांनी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, सीताबर्डीच्या टेकडीवर नागपूरकर भोसल्यांशी लढत होते. बर्डीवरून रोज जाणाऱ्या माणसानं विजयदुर्गाच्या पश्चिम बुरुजावर उभं राहून हे एकदा आठवावं.

तटावरून चालताना कडेला जाऊ नका, काही ठिकाणी चिरे निखळले आहेत.

१६. सिंधुदुर्गाला अर्धा दिवस पुरतो का?

होडीवाले तासाभराचा वेळ देतात, तो पुरत नाही. चढण्याआधीच दोन-अडीच तासांचं बोलून घ्या. मालवणजवळच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातला गेला. किनाऱ्यावर ज्या खडकापाशी पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आजही आहे, तिथे आधी जा. किल्ला १६६७ मध्ये पुरा झाला. ४८ एकर, ४२ बुरूज, तीन किलोमीटरच्या आसपास वळत जाणारा तट. महाद्वार इथेही दडलेलंच आहे. दाराच्या वर घुमटीत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा जपला आहे. आत राजाराम महाराजांनी उभारलेलं शिवराजेश्वर मंदिर. तिथल्या महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही, हे पाहून चौथीत इतिहास शिकलेली मुलं हमखास प्रश्न विचारतात.

दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशी थांबा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि हातभर आत गोडं. काही कुटुंबं अजून किल्ल्यात राहतात. त्यांच्या अंगणात न विचारता फोटो काढू नका.

१७. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना काय झेपेल?

थिबा राजवाडा, रत्नदुर्ग आणि विजयदुर्गाच्या दारापर्यंत गाडी जाते. सिंधुदुर्ग सावकाश झेपतो. जंजिऱ्याला होडीतून उतरताना पाणी हलत असेल तर कठीण जातं; भांगाचे दिवस निवडा (प्रश्न ४). कुलाब्याला ओहोटीच्या वेळी घोडागाड्या जातात, माझे बाबा शेवटी तसेच गेले.

१८. जेवणाचं काय? सावजीची सवय असलेल्यांना मालवणी फिकं लागेल का? आणि शाकाहारी लोकांनी काय खायचं?

सावजीचा तडका शोधायला जाऊ नका, मिळणार नाही. मालवणी वाटणात ओलं किंवा भाजलेलं खोबरं पुढे असतं, तिखट मागून येतं. दोन जेवणांत जीभ सरावते आणि सोलकढीचं नाव निघालं की तोंडाला पाणी सुटतं. शाकाहारींसाठी घावणे, आंबोळी, ओल्या काजूची उसळ, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, उकडीचे मोदक. हे हॉटेलपेक्षा घरगुती खाणावळीत चांगलं मिळतं, पण सकाळी सांगून ठेवावं लागतं. जाताना संत्रा बर्फीचे दोन डबे न्या. खोलीवाल्या काकूंच्या हाती दिलेत की दुसऱ्या दिवशी न मागता मोदक येतात.

१९. गाडी नाही. एसटीनं जमेल?

अलिबाग–मुरूड आणि कणकवली–मालवण सहज जमतं. मधल्या पट्ट्यात बस कमी, पण खाडीच्या दोन्ही काठांना रिक्षा मिळतात. दिवसाला एकच किल्ला धरा.

२०. किल्ल्यात असताना भरती आली तर?

घाबरून पाण्यात उतरू नका. कुलाब्याला दर वर्षी लोक "गुडघाभरच आहे" म्हणून निघतात आणि मधल्या खोलगट भागात अडकतात. किल्ला उंच आहे, आत पाणी येत नाही. होडी मिळाली तर तिनं या, नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत आत थांबा. टळावं म्हणून नियम साधा: पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघायचं, पाणी फिरलं की तासाभरात किनाऱ्यावर. खडक शेवाळलेले असतात. मागे पट्टा असलेले बूट घाला.

हाच धोका हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला आहे. डोंगराला वळसा घालणारी ती वाट थेट लाटांच्या तोंडाशी जाते आणि तिथे माणसं गेली आहेत. भरती चढत असताना त्या पायऱ्या उतरू नका, पुढे कितीही लोक दिसत असले तरी.

२१. गाडी वाळूत नेली तर चालते का? ड्रोन उडवता येतो का?

वाळूत गाडी नेऊ नका. ओली वाळू टणक वाटते, चाक एकदा रुतलं की भरती थांबत नाही. हे किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, ड्रोनला आधी परवानगी लागते.

२२. माझ्या आईनं आजवर समुद्र पाहिलेला नाही. पहिल्यांदा कुठे दाखवू?

हा प्रश्न मला गेल्या वर्षी तीन वेगवेगळ्या मुलामुलींनी विचारला. अंबाझरी आणि फुटाळा हेच ज्यांचं मोठं पाणी, अशा कितीतरी आया आपल्याकडे आहेत.

आरे-वारेचं वळण सगळे सांगतील, आणि ते आहेच सुंदर. मी अलिबाग सांगेन. पौर्णिमेनंतरची तृतीया, सकाळचे साडेसात. आदल्या दुपारी, भरतीच्या वेळी, त्यांना किनाऱ्यावर नेऊन किल्ल्याभोवतीचं पाणी दाखवून ठेवा, काही समजावून सांगू नका. सकाळी तिथेच परत न्या. पाणी मागे गेलेलं असेल, वाळूवर त्याच्या वळ्या उमटलेल्या असतील, छोटे खेकडे बिळात पळत असतील. चपला हातात घेऊन, त्यांचा हात धरून, काल जिथे समुद्र होता तिथून चालत कुलाब्याच्या दारात जा. आत सिद्धिविनायकापुढे त्यांना बसू द्या. घड्याळ तुमच्याकडे ठेवा. साडेनऊच्या आत परत निघायचं आहे.